मालिका संपली, प्रक्षेपण चालूच

२०२४ हे वर्ष मराठी छोट्या पडद्यावर निरोपांचं ठरलं. मार्चमध्ये ‘चला हवा येऊ द्या’ने जवळपास दहा वर्षांनी रजा घेतली, नोव्हेंबरच्या अखेरीस ‘आई कुठे काय करते’ पाच वर्षांनी संपली. अशा वेळी काय होतं हे आता ठरून गेलेलं आहे. शेवटच्या दिवशी सेटवर केक कापला जातो, कलाकार समाजमाध्यमांवर भरभरून लिहितात, प्रेक्षक हळहळतात, आणि पुढच्या सोमवारी त्याच वेळेला दुसरी मालिका सुरू होते. मग सहा-आठ महिन्यांनी एखाद्या मालिकेतल्या कुणाची तरी मुलाखत कानावर पडते. प्रश्न ठरलेला असतो: सध्या काय करताय? उत्तर देणाऱ्याचं चाचपडणं ऐकवत नाही. ऐकणारे आपापला निकाल लावून मोकळे होतात. कुणी म्हणतं नशीब फिरलं, कुणी म्हणतं पैसा येत होता तेव्हा राखायला हवा होता. दोन्ही निकाल चुकीचे आहेत. गाजलेली मालिका संपल्यावर कलाकाराची जी ओढाताण होते, ती करारावर सही होते त्याच दिवशी ठरलेली असते. त्या करारात त्याचे सगळे दिवस बांधले जातात, त्याचं काम कायमचं विकत घेतलं जातं आणि मोबदला मात्र फक्त चित्रीकरणाच्या दिवसांचा मिळतो.

यातला पहिला भाग, म्हणजे दिवस बांधले जाणं, बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. आठवड्याला सहा भाग म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर भाग. आधीच चित्रित करून ठेवलेल्या भागांची ‘बँक’ कधीच पुरेशी नसते. पुष्कळदा आज चित्रित झालेला प्रसंग दोन-चार दिवसांत पडद्यावर जातो. मुख्य भूमिकेतला कलाकार महिन्यातले वीस-पंचवीस दिवस, बारा-बारा तास सेटवर असतो. सेट मढला, घोडबंदर रस्त्यावर, मीरा रोडला किंवा गोरेगावच्या चित्रनगरीत. गिरगावात किंवा लालबागमध्ये राहणाऱ्या मुलीला सातच्या कॉलसाठी पाचला घर सोडावं लागतं आणि परत येईतो रात्रीचे दहा वाजून जातात. त्यातही उद्याचा कॉल आहे की नाही हे आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर कळतं. म्हणजे ज्या दिवशी काम नसतं तो दिवसही तिचा नसतो, कारण तो आधी कुणाला देता येत नाही. नाटकाचा निर्माता नाट्यगृहाच्या तारखा महिनोन्‌महिने आधी घेऊन ठेवतो. त्याला ‘बघते आणि सांगते’ हे उत्तर चालत नाही. तो दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा दुसऱ्या कुणाला घेतो. चार-पाच वर्षं असं चाललं की नाटकवाल्यांच्या यादीतून नावच पुसलं जातं, आणि हे पुसलं जाणं मालिका जोरात असते तोवर जाणवतही नाही.

त्याच काळात पात्राचं नाव कलाकाराच्या नावावर चढून बसतं. राणादा, पाठकबाई, शेवंता, अण्णा नाईक, शनाया ही नावं घराघरांत ठाऊक आहेत. त्यांच्यामागच्या माणसांची नावं सांगताना अनेकांना क्षणभर थांबावं लागेल. मालिका चालू असताना गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेला, दादरच्या दहीहंडीला, परळ-लालबागच्या मंडळांच्या आरतीला याच पात्रांना आग्रहाचं बोलावणं असतं. या सुपाऱ्यांवर कलाकाराच्या घरखर्चाचा बराच भार असतो, हे त्या क्षेत्रातली माणसं मोकळेपणाने सांगतात. मालिका उतरली की पुढच्या वर्षी त्या मंचावर नव्या मालिकेतलं जोडपं उभं असतं. दुसरीकडे वाहिन्यांचे लोक म्हणतात, चेहरा फार दिसलाय, थोडी विश्रांती घ्या. ही विश्रांती किती महिन्यांची हे कुणी सांगत नाही. चेहरा फार दिसला म्हणून काम नाही आणि फार दिवस दिसला नाही तर लोक विसरतात, अशा दोन्ही बाजूंनी तो अडकतो.

पूर्वी असं नव्हतं, आणि त्यामागे ठोस कारणं होती. १९७७ ते १९७९ या काळात दूरदर्शनवर आलेल्या ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ची लोकप्रियता आजच्या कुठल्याही मालिकेने हेवा करावा अशी होती. पण चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर तेव्हा औषध कंपनीत नोकरीला होते आणि गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे मुंबई महापालिकेत अभियंता होते. घराचा हप्ता नोकरी भरत होती आणि संध्याकाळ रंगभूमीची होती. चिमणरावाचा शिक्का प्रभावळकरांवरही बसलाच असता. ‘हसवाफसवी’त एकाच प्रयोगात सहा भूमिका, ‘चौकट राजा’तला नंदू, ‘झपाटलेला’तला तात्या विंचू अशी वळणं घेत त्यांनी तो पुसून टाकला, आणि ते ‘लगे रहो मुन्नाभाई’मधल्या गांधीजींपर्यंत पोचले. २००१ ते २००५ या काळात गाजलेली त्यांची ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’सुद्धा आठवड्यातून एकदा दिसत होती, त्या चार वर्षांत त्यांची बाकीची कामं बंद पडली नाहीत. गुणवत्तेचा वाटा यात मोठा आहे हे उघड आहे, पण त्या गुणवत्तेला हातपाय हलवायला जागा होती हेही तितकंच खरं. १९९७ मध्ये सह्याद्रीवर ‘दामिनी’ आली आणि मराठीत रोजच्या मालिकेचं युग सुरू झालं. २००१ ते २०१३ चाललेल्या ‘चार दिवस सासूचे’ने तीन हजारांच्या वर भाग केले. मालिकांची लांबी आणि वेग वाढत गेला, त्या प्रमाणात करारात कलाकाराच्या बाजूची एकही ओळ वाढली नाही.

रंगभूमीवर कलाकाराचे पैसे कसे हातात पडतात ते पाहिलं की हा फरक नीट कळतो. दादरच्या शिवाजी मंदिरात प्रयोग सुरू असताना मध्यंतराच्या आगेमागे व्यवस्थापक रंगपटात येतो आणि ज्याच्या-त्याच्या हातात त्या दिवशीच्या ‘नाइट’चं पाकीट ठेवतो. चेहऱ्यावरचा रंग उतरायच्या आत त्या दिवसाचा हिशोब पुरा झालेला असतो. मालिकेचे पैसे चित्रीकरणानंतर साधारण नव्वद दिवसांनी येतात, आणि कधी तेही येत नाहीत. नाटकाचं दुसरं बळ म्हणजे प्रयोग पुन्हा झाला की नाइट पुन्हा मिळते. लालबाग-परळमध्ये वाढलेले, शाहीर साबळे यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’तून पुढे आलेले भरत जाधव २००२ पासून ‘सही रे सही’ करत आले आहेत. प्रेक्षक जेव्हा जेव्हा ते नाटक बघायला आले, तेव्हा तेव्हा त्यांना, सहकलाकारांना आणि पडद्यामागच्या माणसांना त्याचे पैसे मिळाले. लोकप्रियता आणि उत्पन्न एकमेकांना बांधलेली राहण्याची ही साधी रीत आहे. मालिकेत ती गाठ तोडून टाकलेली आहे.

आणि ज्या रंगभूमीकडे परतायचं तिचं घरही मुंबईच्या गिरगाव-परळ पट्ट्यात आकसत चाललं आहे. परळचं १९२२ सालचं दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी २०२३ च्या अखेरीस बंद झालं आणि गिरणगावच्या कामगार रंगभूमीचा, हौशी संस्थांचा, कोकणातल्या नमन-दशावताराच्या मुंबईतल्या प्रयोगांचा मोठा आधार गेला. गिरगावच्या साहित्य संघ मंदिरात व्यावसायिक नाटकांच्या पूर्वीसारख्या ओळीने तारखा लागत नाहीत. प्रभादेवीचं रवींद्र नाट्यमंदिर नूतनीकरणानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडलं ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. मालिकेतून बाहेर पडलेला कलाकार रंगभूमीवर हात साफ करून पुन्हा उभा राहील, हे म्हणणं गिरगाव ते परळ हा पट्टा नाटकांनी गजबजलेला होता तेव्हा सोपं होतं.

आता दुसरा भाग: काम कायमचं विकलं जाणं. मालिका संपली तरी तिचं दुकान बंद होत नाही. ती वाहिनीच्या अॅपवर राहते, यूट्यूबवर तुकड्यातुकड्यांनी चढते, दुपारच्या वेळेत पुन्हा दाखवली जाते, कधी दुसऱ्या भाषेत जाते. ‘आई कुठे काय करते’ मुळात बंगालीतल्या ‘श्रीमयी’वरून आली आणि त्याच कथेवरून हिंदीत ‘अनुपमा’ झाली. एक कथा भाषेगणिक पुन्हा पुन्हा विकली जाऊ शकते, कारण कथेचे हक्क कुणाच्या तरी नावावर असतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागल्यावर दूरदर्शनने १९८७ चं ‘रामायण’ पुन्हा दाखवलं आणि एका दिवसात ७.७ कोटी प्रेक्षक मिळाल्याचं जाहीर केलं. तेहतीस वर्षांपूर्वी केलेल्या कामाला एवढी किंमत असते. पण असं प्रक्षेपण झालं की काम करणाऱ्याला त्यातून आपोआप वाटा पोचेल, अशी चालती व्यवस्था आपल्याकडे तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

हा वाद नवा नाही. साठच्या दशकात पेडर रोडच्या प्रभुकुंजात राहणाऱ्या लता मंगेशकर यांनी भूमिका घेतली होती की, ध्वनिमुद्रिका विकली जाते तोवर गायकाला वाटा मिळाला पाहिजे. मोहम्मद रफी यांचं मत होतं की, एकदा मेहनताना घेतला की गायकाचा हक्क संपला. या मतभेदापायी काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. रफींच्या म्हणण्यात सचोटी होती, पण काळाने लताबाईंच्या बाजूने कौल दिला. २०१२ मध्ये प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती झाली, गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनाचा हक्क काढून घेता येणार नाही असं ठरलं, आणि कलम ३८अ मध्ये सादरकर्त्यालाही त्याच्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापराबद्दल स्वामित्वधन मिळण्याचा हक्क नोंदवला गेला. कायद्याच्या व्याख्येत सादरकर्ता म्हणजे गायक तसा अभिनेताही. गायकांनी आपली संस्था उभी केली, कोर्टकज्जे केले, वसुली सुरू केली. अभिनेत्यांच्या बाबतीत मात्र कायदा पुस्तकात आणि करार त्याच्या उलट, अशी अवस्था आहे. आज अस्तित्वात असलेल्या आणि उद्या निघणाऱ्या प्रत्येक माध्यमासाठी, जगभर, कायमस्वरूपी सर्व हक्क दिले, अशा अर्थाची ओळ करारात असते आणि पहिली मोठी भूमिका मिळालेला बावीस वर्षांचा मुलगा ती न वाचता सही करतो. वाचली तरी तो काय करणार? त्याच्यामागे ऑडिशनची रांग उभी असते.

अमेरिकेत ही लढाई फार आधी लढली गेली. १९६० मध्ये रोनाल्ड रेगन हे अभिनेत्यांच्या संघटनेचे अध्यक्ष असताना झालेल्या संपातून, चित्रपट टीव्हीवर दाखवला तर कलाकारांना वाटा, हे तत्त्व मान्य झालं. २०२३ मध्ये तिथले कलाकार ११८ दिवस संपावर गेले, त्यातही स्ट्रीमिंगवरच्या फेरप्रदर्शनाचा वाटा हा मोठा मुद्दा होता. त्या वाट्यावर तिथे कुणी चैन करत नाही, पण दोन कामांमधल्या कोरड्या महिन्यांत भाडं भरण्यापुरता आधार अनेकांना त्यातून मिळतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशाचा. मालिकेत लाखांनी मिळतात, मग साठवले का नाहीत? मुख्य भूमिकेतल्या मोजक्यांना चांगले पैसे मिळतात हे खरं आहे. पण मालिका म्हणजे दोन-तीन चेहरे नव्हेत. काकू, मावशी, शेजारी, दीर यांना महिन्यात सहा-आठ दिवस काम असतं आणि पैसे दिवसाच्या हिशोबाने. कथेचा ‘ट्रॅक’ बदलला की तो महिना कोरडा. २०२१ मध्ये ‘हे मन बावरे’च्या कलाकारांना थकलेल्या मानधनासाठी समाजमाध्यमांवर जाहीरपणे लिहावं लागलं, त्यात प्रमुख भूमिकेतले कलाकारही होते. गाजलेल्या चेहऱ्यांना हे करावं लागतं, तर बाकीच्यांनी कुणाकडे जायचं? शिल्लक टाकायला आधी पैसे वेळेवर हातात पडावे लागतात. आणि समजा कुणी नेमाने शिल्लक टाकलीही, तरी त्याच्या कामातून वाहिनीला पुढची दहा वर्षं मिळणाऱ्या उत्पन्नात त्याचा वाटा का नसावा, या प्रश्नाचं उत्तर त्या शिल्लकीत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: चांगल्या नटाला काम मिळतंच. रोहिणी हट्टंगडींना ‘चार दिवस सासूचे’नंतर कुणी विसरलं नाही, ‘दामिनी’ झालेल्या प्रतीक्षा लोणकर पुढे ‘इक्बाल’मध्ये आईच्या भूमिकेत लक्षात राहिल्या, तेजश्री प्रधान ‘होणार सून मी ह्या घरची’नंतरही पुन्हा पुन्हा मुख्य भूमिकेत आल्या. परळच्या केईएममधून डॉक्टर झालेले अमोल कोल्हे तर शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज साकारून संसदेत पोचले. ही उदाहरणं खरी आहेत आणि त्यांचा आनंदच आहे. पण ती काय दाखवतात ते पाहावं. हट्टंगडी राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आलेल्या, ‘गांधी’मधल्या कस्तुरबा म्हणून जगाला माहीत असलेल्या अभिनेत्री होत्या, मालिका त्यांच्या कारकिर्दीतला एक टप्पा होता. तेजश्री प्रधान यांच्यासारखी लोकप्रियता शंभरात एखादीला लाभते. डॉ. कोल्हेंच्या हातात पदवी होती आणि पुढे राजकारण आलं. ज्यांच्याकडे आधीचं काही होतं किंवा बाहेरचं काही आलं, ते तरले. ज्यांची पहिली आणि सगळ्यात मोठी ओळख रोजची मालिकाच आहे, त्यांच्याबद्दल या उदाहरणांवरून काही सिद्ध होत नाही. अपवादांकडे बोट दाखवून नियम योग्य ठरवता येत नाही.

तिसरा आक्षेप गिरगाव ते परळ पट्ट्यात, विशेषतः लालबाग-परळमध्ये, सहज मनात येईल. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांच्या चुली थंडावल्या. ज्यांनी ते भोगलं त्यांनी नटनट्यांसाठी का हळहळायचं? दोन्ही दुःखं एका मापाची नाहीत आणि कुणी तसं म्हणूही नये. पण गिरणगावाच्या लढ्याने जे तत्त्व मिळवलं ते इथे उपयोगी पडणारं आहे. गिरण्या बंद झाल्या, पगार थांबले, तरी त्या जमिनीच्या मोलात कामगाराच्या घामाचा भाग आहे हे चळवळीने मान्य करून घेतलं. विकास नियंत्रण नियमात त्याच्या घरासाठी जमिनीचा वाटा आला आणि म्हाडाने सोडती काढल्या. तो वाटा अपुरा होता, उशिरा आला, अनेकांपर्यंत अजून पोचलेला नाही. पण काम थांबल्यावरही काम करणाऱ्याचा हक्क उरतो हे कागदावर आलं. मालिकेतल्या कलाकाराची मागणी याच तत्त्वाची, खूप लहान आकाराची आवृत्ती आहे.

मराठीचा बाजार लहान आहे, निर्मात्याला हे परवडणार नाही, असंही म्हटलं जातं. पण मागणी उत्पन्नातल्या वाट्याची आहे. फेरप्रक्षेपणातून काहीच मिळालं नाही, तर वाटाही शून्य. बहुतेक मालिकांचे हक्क निर्मात्याकडे राहतच नाहीत, ते वाहिनीकडे जातात. त्यामुळे या बाबतीत निर्माता कलाकाराच्या बाजूला उभा राहू शकतो, राहायला हवा. हिशोब ठेवणं अवघड आहे हे कारण तर आता अजिबात पटणारं नाही. कुठला भाग कुणी किती सेकंद पाहिला हे अॅपला ठाऊक असतं. दिवसांच्या बाबतीतही तेच. नावाजलेल्या कलाकारांना शनिवार-रविवारच्या प्रयोगांसाठी सोडलं जातं, त्यांच्या प्रसंगांची जुळवाजुळव आधीच केली जाते, मालिका अडत नाही. म्हणजे ते जमतं. नव्या मुलीला ते मिळत नाही, कारण मागण्याची ताकद तिच्याजवळ नसते, आणि संघटना असतात त्या नेमक्या अशाच माणसासाठी.

केंद्राच्या २०२० च्या कामगार सुरक्षा आणि आरोग्य संहितेत दूरचित्रवाणी आणि वेब मालिकांत काम करणाऱ्यांचा दृकश्राव्य कामगार म्हणून समावेश झाला आहे आणि त्यांच्याशी लेखी करार करण्याचं बंधन निर्मात्यावर आलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही संहिता लागू झाली. लेखी करार सक्तीचा असेल तर त्यात काय लिहायचं हे ठरवण्याची वेळ हीच आहे. किमान दोन कलमं त्यात हवीत. महिन्यातले काही दिवस कलाकाराचे, तेही आधी जाहीर केलेले, म्हणजे त्याला नाटकाला शब्द देता येईल. आणि मूळ प्रक्षेपणानंतरच्या प्रत्येक व्यावसायिक वापरात ३८अ कलमानुसार ठरलेला वाटा, मुख्य भूमिकेपासून छोट्या भूमिकेपर्यंत सगळ्यांना. एकेकटा कलाकार हे मागू शकणार नाही. नाट्य परिषद आणि कलाकारांच्या संघटनांनी वाहिन्यांसमोर एकत्र बसून एक नमुना करार मान्य करून घ्यावा, आणि ज्यांच्या नावावर मालिका चालतात अशा पाच-दहा मोठ्या कलाकारांनी त्या कराराशिवाय पुढची सही करू नये.